जातानाचं झाड

समीक्षा आली नाही.

चवदार तळ्याच्या काठाला गर्दी अशी, की मुंगीला शिरायला जागा नाही. बाहेरगावच्या बसगाड्या रिकाम्या होत होत्या, पोरांच्या कपाळाला निळ्या पट्ट्या होत्या, म्हाताऱ्या एकमेकींचे पदर धरून चालत होत्या. पाण्याच्या स्टॉलवर प्रियदर्शिनी ग्लास भरत होती आणि दर दुसऱ्या ग्लासाला मान वर करून रस्त्याकडे बघत होती.

प्रियदर्शिनी महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात तिचा आवाज खणखणीत. पण धाकट्या बहिणीचा विषय निघाला की बाईंचं सगळं विज्ञान गुंडाळलं जातं. आई लवकर गेली. समीक्षाला हिनंच वाढवलं. वीस मार्चला, तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, दोघींनी या स्टॉलवर उभं राहायचं, हे आईच्या वेळेपासून ठरलेलं. एका वर्षी समीक्षाचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, तर पोरगी खुर्ची टाकून बसली आणि बसल्या बसल्या ग्लास वाटत राहिली. अशी ती!

गर्दी जरा ओसरली तेव्हा प्रियदर्शिनीनं फोन काढला. समीक्षाचा मेसेज पहाटेच येऊन पडला होता.

‘ताई, महाबळेश्वरकडच्या एका शेतावर चालले आहे. आज जमणार नाही. काळजी करू नकोस.’

तिनं लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

समीक्षा महिन्याभरापासून उमरठजवळच्या ‘कणगी’ नावाच्या सेंद्रिय शेतावर राहत होती. शेतात राबायचं, त्याबदल्यात राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण, पगार नाही. ‘शिकायला मिळतं गं ताई,’ ती म्हणायची. ताईला ते अजिबात पटलं नव्हतं. ‘दुसऱ्याच्या शेतात फुकट राबणं सोडायला आपल्या माणसांना किती पिढ्या लागल्या, आणि तू हौसेनं चाललीस?’ असं तिनं सुनावलंही होतं. पोरगी हसून निघून गेली होती.

परवाच तिचा फोन आला होता. ‘वीस तारखेला भेटले की सांगते. इथं पाण्याचं एक कोडं आहे. फोनवर नको.’ ताई म्हणाली होती, ‘कोडंबिडं राहू दे, पाणी उकळून पी.’ आता ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

तिनं शेताच्या मालकांना फोन लावला. चिंतामणी काका म्हणतात सगळे त्यांना. मोठ्या कंपनीतली नोकरी संपवून शेतीत उतरलेला, मृदू बोलणारा माणूस.

“अहो, ती तर पहाटेच गेली की,” काका म्हणाले. “मीच कपाटातून फोन काढून दिला तिचा. जाताना झाडसुद्धा लावून गेली.”

“कुठलं झाड?”

“आमच्याकडे रीत आहे. जाणाऱ्यानं एक रोप लावायचं आणि स्वतःच्या हातानं पाणी घालायचं. मगच निघायचं. छान लावलंय हो तिनं. बांधावर आहे, या कधीतरी बघायला.”

‘या कधीतरी.’ प्रियदर्शिनीनं ग्लास खाली ठेवला. शेजारच्या बाईला स्टॉल सोपवून ती तशीच निघाली.

पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात शुकशुकाट होता. निम्मी माणसं बंदोबस्ताला महाडला गेलेली. उरले होते हवालदार महिपती. तोंडात लवंग धरून माणूस शांतपणे बसला होता.

“पोरगी सज्ञान हाय ना बाई? मेसेज करून गेलीय. मग हरवली कशी म्हणायची?”

“साहेब, ती आजचा दिवस चुकवणार नाही. मेली तरी चुकवणार नाही.” शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि त्याची तिलाच भीती वाटली.

महिपतींनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग किल्ली उचलली.

“चला. बघून तर येऊ. तसं पण मला हितं माशा मारत बसायचंय.”

मोटारसायकल उमरठच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंचे डोंगर मार्चच्या उन्हानं पिवळे पडले होते. ओढे कोरडे. प्रियदर्शिनी मागच्या सीटवर घट्ट बसली होती आणि प्रत्येक वळणावर खाली दरीत बघत होती. बघायचं नाही असं ठरवून पुन्हा बघत होती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसंच झालं होतं तिचं.

एका वळणानंतर एकदम हिरवंगार दिसलं. पिवळ्या डोंगराच्या कुशीत भाजीचे वाफे, केळी, वेल. तेच ‘कणगी’. फाटकावर पाटी होती: ‘इथे मातीला हात लावा, फोनला नको.’

चिंतामणी काका फाटकाशीच उभे होते. खादीचा सदरा, डोक्यावर गवती टोपी.

“अरे, तुम्ही पोलीस घेऊन आलात!” त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं. “साहजिक आहे म्हणा. बहिणीचा जीव. या, आधी ताक घ्या.”

“ताक नको. तिची खोली दाखवा.”

इथं राबायला येणाऱ्या प्रत्येकाला एक छोटी मातीची खोली मिळते. समीक्षाची खोली झाडून स्वच्छ केलेली. सॅक नाही, कपडे नाहीत. एक केससुद्धा नाही उशीवर. समीक्षानं आयुष्यात कधी स्वतःचं अंथरूण नीट आवरलं नव्हतं.

धूळ लागली म्हणून तिनं बाहेरचा नळ उघडला. नळ फुस्स करून गप्प झाला.

“मोटर जळली हो आजच सकाळी,” काका म्हणाले. “आमचं सगळं बोअरवर. काल संध्याकाळी मी स्वतः बटण दाबून मोटर लावली, अंधार पडेपर्यंत तिथंच बसून वाफे भिजवले. आणि आज ही बया रुसली.”

वाफे खरंच ओले होते. काळी माती अजून चमकत होती.

महिपतींनी आंब्याखाली बाज ओढली आणि एकेकाला बोलावलं. पहिली आली देवश्री. पुण्याची, इथं राबायला आलेली दुसरी मुलगी. तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं.

“समीक्षाला शेवटचं कधी पाहिलं?”

“काल दुपारी. नंतर मी टेंपोबरोबर भाजी घेऊन पोलादपूरला गेले. आले तेव्हा अंधार पडला होता. तिचं दार बंद होतं. काका म्हणाले, डोकं दुखतंय म्हणून झोपलीय, उठवू नकोस.”

“आणि सकाळी?”

“खोली रिकामी. बांधावर रोप. मग समजलं, गेली.” तिनं ओठ चावला. “मला न भेटता गेली याचं वाईट वाटलं.”

“फोन करायचा की मग तिला.”

“फोन कुठे असतात आमच्याकडे? संध्याकाळी सगळ्यांचे फोन टोपलीत जातात. टोपली काकांच्या कपाटात. सकाळच्या न्याहारीनंतर मिळतात. आज मिळाला तेव्हा केला, तर बंद.”

प्रियदर्शिनी मधेच बोलली. “समीक्षाच्या फोनला कुलूप होतं?”

“छे! कुणीही उघडावा. मी किती ओरडायचे तिला.”

“कुणाशी भांडण?” महिपतींनी विचारलं.

देवश्री घुटमळली. मग हळूच म्हणाली, “काल दुपारी निषादशी. खूप जोरात. काय ते नाही कळलं मला.”

निषादला बोलावलं. मुंबईचा पोरगा, दाढी वाढलेली, नजर जमिनीला. पूर्ण बाह्यांचा शर्ट. महिपतींनी त्याला बाह्या वर करायला सांगितलं. दोन्ही हातांवर ओरखडे. ताजे, लालभडक.

प्रियदर्शिनीच्या डोळ्यांपुढे समीक्षाची नखं आली.

“हे काय रे?” महिपतींनी विचारलं.

“करवंदीच्या जाळीत घुसलो होतो. वर डोंगरात.”

“कशाला?”

“असंच.”

“असंच कोण काट्यात शिरतं? भांडण कशावरून झालं?”

“काकांवरून. ती काकांबद्दल फालतू बोलली. बोलली, हे सगळं दिखावा आहे. माझं डोकं सटकलं. बस.”

“मग संध्याकाळी कुठं होतास?”

“रूममध्ये. ताप होता. झोपलो होतो.”

“कुणी बघितलं?”

“कोण बघणार, सर?” त्याचा आवाज चिरकला. “मी काय नाय केलं. आई शप्पथ.”

महिपती उठले, प्रियदर्शिनीला बाजूला घेऊन कुजबुजले, “बाई, हाच. ठाण्यात नेला की पोपटासारखा बोलंल.”

“तोवर तिचं काय होईल?”

प्रियदर्शिनी बांधाकडे चालू लागली. तिला रडायचं होतं आणि कुणासमोर रडायचं नव्हतं.

बांधावर गेलेल्या पाहुण्यांची झाडं ओळीनं उभी होती. प्रत्येकाला बांबूची पट्टी, पट्टीवर नाव. शेवटचं रोप जांभळाचं. पट्टीवर ‘समीक्षा’. भोवती गोल आळं, आळ्यात वाळक्या पाल्याचं जाडसर आच्छादन, कडेनं दाबून नीट बसवलेलं. अगदी सुबक. बहिणीनं लावलेलं झाड म्हणून तिनं पाला बाजूला सारला आणि मातीला हात लावला.

माती भुसभुशीत आणि कोरडी ठणठणीत होती. तिनं बोट खोल घातलं. खाली थेंबाएवढाही ओलावा नाही. आळं भरून पाणी घातलं असतं, तर पाल्याखाली दुपारपर्यंत चिखल राहिला असता. हे तर ती सातवीच्या पोरांना शिकवते.

ती तिथंच उकिडवी बसून राहिली. मग ती उठली आणि बांधाच्या टोकाला असलेल्या बोअरच्या पत्र्याच्या पेटीपाशी गेली. पेटीचं दार करकरत उघडलं. आत स्टार्टर, त्याच्यावर हिरवं बटण. तिनं वाकून निरखून पाहिलं. एकदा, दोनदा. आणि दार पुन्हा लावून टाकलं.

बांधाच्या पलीकडच्या पायवाटेनं एक बाई डोक्यावर हंडा घेऊन उतरत होती. साठीची, काटक. प्रियदर्शिनीचा चेहरा बघून ती थबकली.

“तू समीक्षाची भैन ना गो? तोंडावळा तोच हाय. मी गीताबाय. वाडीत ऱ्हाते. तुझी भैन माझ्यासंगती पान्याला यायची, हंडा उचलू लागायची. गुनाची पोर!”

“पाण्याला कुठं?”

“वर झऱ्यावर. दोन वरसां झाली, झरा लौकर आटतो. औंदा तर होळीच्या आदीच सुकला. वाटीवाटीनं भरायचो.” गीताबाईंचा सुरकुतलेला चेहरा फुलला. “पन काय सांगू गो, आज पहाटे बगते तं झरा भरून व्हातोय! वाडी सगळी गोळा झाली. आजच्याच दिवशी पानी आलां, बग! बायांनी हात जोडले.”

प्रियदर्शिनीनं गीताबाईंचा हात धरला. इतका घट्ट, की हंड्यातलं पाणी हिंदकळलं.

“गीताबाई, मला झऱ्यावर न्या. आत्ता. पळत.”

मागे वळून तिनं अख्खं शिवार दणाणेल अशी हाक मारली. “हवालदारसाहेब! सगळ्यांना घेऊन वर या! काकांना पण!”

झरा डोंगराच्या सांदीत होता. काळ्या कातळातून पाणी खळाळत खालच्या कुंडात पडत होतं. वाडीच्या दोन-चार बायका हंडे भरत होत्या. महिपती धापा टाकत पोचले. निषाद आणि देवश्री मागोमाग. चिंतामणी काका सगळ्यांत शेवटी आले आणि पाण्याकडे बघेनात.

“बाई, हे काय चाललंय?” महिपतींनी घाम पुसला.

“साहेब, माझी बहीण गेलेली नाही. ती इथंच आहे, या डोंगरात. आणि ती कुठं आहे ते यांना ठाऊक आहे.” तिनं बोट केलं.

देवश्री दचकली. बोट निषादकडे नव्हतं. काकांकडे होतं.

“मुली, तुझी मनःस्थिती मी समजू शकतो...” काका म्हणाले.

“माझी मनःस्थिती राहू द्या. तुम्ही म्हणालात, तिनं झाड लावलं, पाणी घातलं. मी पाल्याखाली बोट घातलं. थेंब नाही. समीक्षा झाड लावेल आणि तहानलेलं सोडून जाईल? ते झाड दुसऱ्या कुणीतरी लावलंय. अशा कुणीतरी, ज्याच्याकडे पहाटे पाणीच नव्हतं.”

“मोटर जळली म्हणून सांगितलं ना.”

“हो. काल संध्याकाळी बटण दाबून मोटर लावलीत आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसलात. साहेब, खाली जाऊन ते बटण बघा. कुंभारीण माशीनं त्याच्यावर मातीचं घर बांधलंय. बटण आणि पेटी दोन्ही धरून. घर वाळलेलं आहे, पिल्लं भोकं पाडून उडूनसुद्धा गेली. ते घर न फोडता बटण दाबता येत नाही. बोअर निदान महिना-दोन महिने बंद आहे.”

महिपतींनी लवंग थुंकून टाकली. “पन वाफे तर ओले हायत.”

“तेच! बोअर बंद, तरी सगळ्या डोंगरात हे एकच शेत हिरवं. मग पाणी येतं कुठून? आणि वाडीचा झरा दोन वर्षं लवकर का आटतो? काल रात्री शेताचं पाणी बंद झालं आणि आज पहाटे झरा वाहायला लागला. गीताबाई, हा चमत्कार नाही. तुमचं पाणी हे चोरत होते. वरच्या वर, उगमातून.”

बायकांचे हात हंड्यांवर थांबले.

“समीक्षाला ते कळलं होतं. मला ती आज सांगणार होती, तळ्यावर, हजारो माणसांत. काल संध्याकाळी ती खात्री करायला वर आली आणि हेही आले. मग पहाटे मला मेसेज आला. फोन तर टोपलीत, टोपली यांच्या कपाटात. फोनला कुलूप नाही. मेसेज पाठवला यांनी, खोली आवरली यांनी, झाड लावलं यांनी. निषादला ती कुठं आहे हे ठाऊक असतं, तर तो काट्यांतून शोधत कशाला फिरला असता?”

निषाद एकदम रडायलाच लागला. “मी सकाळी तिला शोधायला आलो होतो, ताई. ती काल बोलली होती, काका वाडीचं पाणी घेतात. मला पटलं नाय. भांडलो. आणि मीच काकांना जाऊन सांगितलं. मला वाटलं, काका तिला समजावतील. सकाळी ती गायब. मी घाबरलो. कुणाला सांगू?”

“कुठं आहे ती?” प्रियदर्शिनी काकांसमोर जाऊन उभी राहिली. तिला त्यांच्या सदऱ्याला धरून हलवायचं होतं. “कुठं आहे माझी बहीण?”

काका खाली बसले. पाचावर धारण बसली होती त्यांची.

थांबण्यात अर्थ नव्हता. प्रियदर्शिनी कातळावर चढली. उगमाच्या फटीत पाल्याखाली काळा पाइप होता, तोंडाशी पाणी सोडायची-बंद करायची चावी बसवलेला. पाइप मातीत पुरून पुढे नेलेला. तो चाचपत ती रानात शिरली. काटे लागत होते, साडी फाटत होती. “समे! ए समे!” ती ओरडत होती आणि मधे मधे थांबून कान देत होती. कुठून ओ येत नव्हती.

थोड्या अंतरावर पाइप हाताला लागेनासा झाला. सगळीकडे पाला. वाऱ्यानं कसाही पडलेला, कुठं ढीग, कुठं उघडी जमीन. सगळे इकडे तिकडे काठ्या आपटू लागले. आणि मग तिला ते दिसलं. एका जागी पाला गोल पसरलेला होता. जाडसर, सारखा, कडेनं दाबून नीट बसवलेला. जांभळाच्या आळ्यात होता तसाच.

रानात पाला असा नीट कोण अंथरतो?

“इथं!” ती किंचाळली आणि दोन्ही हातांनी पाला उपसू लागली. खाली जमिनीत पुरलेल्या टाकीचं सिमेंटचं झाकण लागलं. निषाद आणि महिपतींनी ताकद लावून ते सरकवलं. आतून दमट, थंड हवा आली. आत मिट्ट काळोख.

“समे...”

काही नाही.

“समीक्षा! अगं, ताई आलीय!”

खूप वेळ गेल्यासारखं वाटलं. मग खालून कुणीतरी खोकलं.

“ताई,” तो आवाज घोगरा, फाटलेला होता. “आज वीस ना गं? स्टॉल उठला का?”

प्रियदर्शिनी त्या झाकणाशेजारी आडवी पडली आणि धाय मोकलून रडली. वर्गातल्या पोरांनी पाहिलं असतं तर ओळखलंही नसतं.

निषाद आत उतरला. समीक्षाचा पाय घोट्यातून सुजून भोपळा झाला होता, कपाळाला खोक पडली होती. ओरडून ओरडून घसा बसलेला. तिला वर काढून झऱ्यापाशी आणलं तेव्हा वाडीच्या बायकांनी तिला अक्षरशः झेललं. कुणी तोंड पुसलं, कुणी पदरानं वारा घातला.

“मी झाकण उघडून वाकले होते,” समीक्षा म्हणाली. “काका आले. म्हणाले, उद्या बोलू नकोस, इतक्या वर्षांचं काम मातीत जाईल. मी म्हटलं, बोलणारच. त्यांनी माझा हात धरला, मी झटकला आणि तोल गेला. ढकललं नाही त्यांनी. पण ताई, मी खालून हाका मारत होते आणि ते झाकण सरकवत होते.”

महिपतींनी काकांकडे पाहिलं. “का हो?”

“मला सुचेना,” काका शेवटी बोलले. आवाज अगदी बारीक होता. “टाकीत पाणी होतं. ती बुडेल म्हणून मी रातोरात सगळं पाणी शेतात सोडलं. वरची चावी बंद केली. तिला मारायचं नव्हतं मला. आजचा दिवस जाऊ दे, मग बघू, असं वाटलं.”

“मग बघू!” प्रियदर्शिनी उसळली. “मारायची छाती नाही आणि सोडायची दानत नाही! तुम्ही ती चावी बंद केलीत ना, तेवढं एकच माणसासारखं काम केलंत. त्यानंच झरा वाहिला आणि त्यानंच तुम्ही सापडलात. चावी उघडी ठेवली असतीत, तर आम्हाला काही कळलं नसतं आणि ही आत बुडाली असती.”

तिनं समीक्षाला जवळ ओढलं.

महिपतींनी काकांच्या दंडाला धरून उठवलं. कुंडापाशी आल्यावर ते थांबले. त्यांनी गीताबाईंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बाई, घोटभर पाणी मिळेल?”

बायकांत कुजबुज झाली. एकजण फाडकन म्हणाली, “देऊ नको गो! दोन वरसां आमची पोरां तहानली.”

गीताबाईंनी हंड्यात तांब्या बुडवला आणि भरून काढला. काकांनी खाली वाकून दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

“ओंजळ नको,” गीताबाई म्हणाल्या. “वरनां ओतायची रीत आमच्यात नाय. लय भोगलीय ती आमच्या मानसांनी. तांब्या हातात घ्या आनि प्या.”

काकांनी तांब्या घेतला. पिताना निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. ते पिऊन होईपर्यंत सगळे थांबून राहिले.